गाडी माझ्या हातात होती

ता. ६ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहायला बसले, याचं नवल वाटेल. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि आमच्या ऑफिसात सगळ्यांना ऐकू येतं, म्हणून पत्रच बरं. आईला वाचून दाखवा, पण आधी तुम्ही एकटे वाचा.

रविवारी माझ्या हातून अपघात झाला. मला खरचटलंसुद्धा नाही, हे आईला पहिल्या वाक्यात सांगा. गावाबाहेर पाण्याच्या नव्या टाकीचं काम बघायला गेले होते. माझ्या सरकारी गाडीच्या ड्रायव्हरदादांची दाढ सुजून गाल भोपळ्याएवढा झालेला. तरी गळपट्टा गुंडाळून ड्यूटीवर हजर! परतताना त्यांना डोळे उघडवेनात. मी म्हटलं, किल्ली द्या, मी चालवते. ते नाही नाही म्हणत होते, मी ऐकलं नाही. तुम्ही शिकवलेली विद्या खुर्चीवर बसून गंजते आहे, याचं मला कधीचं वाईट वाटत होतं.

लाकडाच्या वखारीपाशी वळण आहे. तिथे मी मान वळवून दादांना विचारत होते, कळ फार येते आहे का म्हणून. समोर बघितलं तर सायकल. ब्रेक लागला, पण धडक बसलीच. सायकलवाला उजव्या हातावर पडला. बाबा, चूक माझी होती. त्याची नव्हती, रस्त्याची नव्हती आणि दाढेचीही नव्हती.

तो बाजारपेठेत कोपऱ्यावर पेटी मांडून बसणारा किल्ल्या बनवणारा आहे. सगळे त्याला किल्लीवालेच म्हणतात. त्यांना आम्ही दोघांनी उचलून मागच्या सीटवर घेतलं. मी त्यांचं डोकं मांडीवर धरलं, दादांनी गाडी हाकली आणि दवाखाना गाठला. डोक्याला टाके पडले, मनगट आणि दोन बोटं मोडली. उजव्या हाताची. मी आत डॉक्टरांशी बोलत असताना पोलीस आले, तेव्हा दादा स्टिअरिंगशी बसलेले होते. मी बाहेर येईपर्यंत दादांनी सांगूनही टाकलं होतं, ‘गाडी माझ्या हातात होती’ म्हणून.

इन्स्पेक्टर माणूस अदबशीर. स्वतःच्या रुमालाने खुर्ची पुसून मला बसवलं, गार पाणी मागवलं आणि मला काही झालं नाही याबद्दल तीनतीनदा समाधान व्यक्त केलं. मी सांगितलं, गाडी मी चालवत होते. त्यांनी मान डोलावली, मी घाबरले आहे असं म्हणाले, सगळं उद्या बघू म्हणाले आणि जीपने घरी पोचवलं. सोमवारी सकाळी कळलं की दादांवर गुन्हा दाखल होऊन ते जामिनावर सुटलेसुद्धा. फाटकापाशी गाडी पुसत होते. मी विचारलं तर म्हणाले की बाईंनी यात पडू नये, झालं ते झालं.

मग मी इन्स्पेक्टरना फोन केला. ते म्हणाले, कागद वर गेले. पोलीसप्रमुखांना फोन केला, तर ते स्वतः बंगल्यावर आले, चहा घेतला आणि मी चार दिवस रजा घ्यावी, असं आपुलकीने सुचवून गेले. कोणी मला दटावलं असतं तर भांडले असते. इथे सगळे मला सांभाळून घेत आहेत. मी फक्त गप्प बसायचं आहे, बाकी काही नाही.

तुमची सगळी नोकरी साहेबांच्या गाड्या चालवण्यात गेली. हे असंच चालतं का, आणि मी काय करू, ते स्पष्ट लिहा. आईला नमस्कार. माझ्यावर रागवा हवं तर, पण उत्तर लवकर पाठवा.

तुमची
ठकू


ता. ११ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू धड आहेस हे वाचून जीव भांड्यात पडला. आता शिव्या ऐक.

पहिली शिवी तुझ्या ड्रायव्हरला. दाढ दुखली म्हणून कोणी किल्ली देतं होय? अंगात ताप घेऊन मी घाट उतरलो आहे, पण किल्ली दिली नाही. ड्रायव्हरने किल्ली दिली की नोकरीच दिली. दुसरी शिवी तुला. गाडी चालवताना शेजारचा मेला तरी मान वळवायची नाही, हे मी तुला पहिल्या दिवशी शिकवलं. मोठी साहेबीण झालीस आणि पहिला धडा विसरलीस.

आता तुझा प्रश्न. होय, हे असंच चालतं. तुझ्या दादांना कोणी शिकवलेलं नाही आणि धमकावलेलं तर मुळीच नाही. पोलीस यायच्या आत ड्रायव्हर गाडीच्या दाराशी उभा असतो. गाडीला पोचा आला तर तो आमचा, माणूस लागला तर तोही आमचा. साहेबाला ऊन लागू नये म्हणून जसं दार उघडून धरायचं, तसंच हे. आम्हाला यात खोटं बोलल्यासारखं वाटत नाही. उलट ज्याने तसं केलं नाही, त्याच्याशी आमच्या स्टँडवर कोणी धड बोलत नसे. तुझ्या दादांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं आणि रात्री शांत झोपलो असतो.

म्हणून माझं ऐकायचं तर गप्प बस. कोर्टात दंडावर भागेल, ऑफिस त्याला सांभाळून घेईल, तूही सांभाळ. तू तोंड उघडलंस तर तो कागदावर लबाड ठरेल, इन्स्पेक्टर घरी बसेल आणि तुझं काय होईल ते मला लिहवत नाही. तुला मागच्या सीटवर बसलेली बघायला माझा जन्म पुढच्या सीटवर गेला, ठकू. तू आपल्या हाताने दार उघडून खाली उतरू नकोस. एवढंच म्हाताऱ्याचं मागणं.

तब्येतीला जप, माया आहेच, ती कागदावर किती लिहायची.

तुझे
बाबा

ता. क. – पाकीट मी चिकटवणार, म्हणून यांचं पत्र वाचलं. तुझंही वाचलं. दोन्ही पत्रांत ड्रायव्हर आहे, इन्स्पेक्टर आहे, पोलीसप्रमुखाचा चहासुद्धा आहे. त्या किल्लीवाल्याच्या घरी कोण कोण आहे? हात मोडलेला माणूस जेवतो कसा, त्याला कोण भरवतं? तू त्याच्या घरी गेलीस का? यांना मी विचारलं तर म्हणतात, तो वेगळा विषय आहे. मला नाही वाटत वेगळा. – आई


ता. १८ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या चार ओळींनी माझी झोप उडवली. खरंच मी गेले नव्हते. दवाखान्यात चौकशी करत होते, फळं पाठवत होते, पण माणूस म्हणून गेले नव्हते. आता जाऊन आले आणि जे कळलं ते फार विचित्र आहे. नीट वाच, बाबांनाही वाचू दे.

बाजाराच्या मागे एक अरुंद गल्ली आहे. दोन्ही बाजूंना घरं इतकी जवळ की एका खिडकीतून हात काढला तर समोरच्या दोरीवरचा टॉवेल काढता येईल. तिथे खालच्या खोलीत किल्लीवाले आणि त्यांची बायको राहतात. बायको शिंप्याकडून काज-बटणाचं काम घरी आणते. मी गेले तेव्हा ती खाली मान घालून काजं घालत होती आणि ते डाव्या हाताने भात खायची खटपट करत होते. अर्धा भात खाली सांडलेला. ती बघत होती, पण उठत नव्हती. मला वाटलं, माझ्यावरचा राग. तसं नव्हतं. ती त्यांच्याशीच बोलत नाही.

ती पाणी भरायला बाहेर गेली तेव्हा त्यांनी सांगितलं. दवाखान्यात एक हवालदार आला होता. चांगला माणूस, उशी सारखी करून दिली म्हणे. त्याने समजावलं की गाडीचा ड्रायव्हर बालबच्चेवाला आहे, गुन्हा शाबीत झाला तर त्याचं लायसन्स जाईल, घर उघड्यावर पडेल. किल्लीवाल्यांनी थोडी घेतली होती एवढं म्हटलं, की ड्रायव्हरवरचं ओझं हलकं होईल. त्यांनी विचार केला, ज्या माणसाने गाडी हाकत सगळा रस्ता मागे वळून वळून मला धीर दिला, त्याच्या पोटावर कशाला पाय द्यायचा? डाव्या हाताने वेडीवाकडी सही करून मोकळे झाले. आई, त्यांनी आयुष्यात दारूला स्पर्श केलेला नाही.

आणि त्यांच्या बायकोचं माहेर दारूनेच धुळीला मिळवलं. बाप पिऊन पिऊन गेला. दारू न पिणारा माणूस, एवढं एकच बघून तिने लग्न केलं. आता पोलिसांच्या कागदावर नवऱ्याची सही आहे. गल्लीतल्या बायका नळावर तिला ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजतात की साधा दिसणारा माणूस लपूनछपून घेतच होता. ती वाद घालत नाही, रडत नाही, फक्त त्यांच्याशी बोलत नाही. ते तिला खरं सांगू शकत नाहीत, कारण तिच्या पोटात काही राहत नाही, गल्लीभर होईल आणि ड्रायव्हर अडकेल, असं त्यांना वाटतं.

मी त्यांना विचारलं, गाडी कोण चालवत होतं ते तुम्ही पाहिलं का? ते म्हणाले, सगळं इतकं झटकन झालं. मग खाली बघून भाताची शितं वेचायला लागले. त्यांनी मला पाहिलं होतं गं, आई.

आता मांडून बघ. दादा खोटं बोलले ते माझ्यासाठी. किल्लीवाले खोटं बोलले ते दादांसाठी. हवालदाराने दादांची दया येऊन ते बोलवून घेतलं. इन्स्पेक्टरनी सगळ्यांची सोय बघितली. एकाच्याही मनात वाईट नाही, आणि एवढ्या चांगुलपणातून निष्पन्न काय झालं, तर अपघाताचा गुन्हेगार तोच, ज्याचा हात मोडला! आणि मी धुतल्या तांदळासारखी. मला स्वतःची शिसारी आली.

तिथून तडक पोलीस ठाण्यात गेले. इन्स्पेक्टरनी स्वतःची खुर्ची दिली, बिस्किटं आणवली, दार लावून घेतलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं. एक अक्षर लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, पुन्हा बिस्किटं. मला सही करून काही द्यायचं आहे म्हटलं, तर म्हणाले की मोठ्या अधिकाऱ्याचा जबाब घ्यायला त्यांना वरून परवानगी लागते. वर म्हणजे पोलीसप्रमुख, आणि ते दौऱ्यावर आहेत. ते परत येईपर्यंत दादांच्या केसचे कागद कोर्टात जातील आणि त्यात किल्लीवाले दारुडे म्हणूनच राहतील.

बाबांना सांग, त्यांचं मागणं मला कळलं, पण मला जमणार नाही. तुझा हात पाठीवर असू दे, मग मी कशालाच भीत नाही.

तुझी
ठकू


ता. २२ फेब्रुवारी

चि. ठकूस,
आशीर्वाद.

तुझ्या आईने पत्र मोठ्याने वाचलं आणि मग माझ्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

मी आधी जे लिहिलं ते ड्रायव्हरच्या बाजूने आणि बापाच्या बाजूने लिहिलं. सायकलवाल्याच्या बाजूने लिहायचं माझ्या ध्यानातच आलं नाही. आमच्या स्टँडवर त्याची गोष्ट कधी निघतच नसे. साहेब वाचला, गाडी सुटली, की आमची गोष्ट संपायची. समोरच्या माणसाच्या घरी नंतर काय होतं, हे आम्ही कोणी बघायला गेलो नाही. असो.

आता कामाचं ऐक. तू ठाण्यात जातेस ती साहेबीण म्हणून जातेस. गाडी फाटकाशी लागते, शिपाई धावतो, खुर्ची मिळते. खुर्ची दिली की पोलिसांचं कर्तव्य संपलं. आत गेलेला माणूस गप्पा मारून येतो, बाहेरच्या बाकावर बसलेल्याचा जबाब होतो. मी साहेबांची वाट बघत जन्मभर ठाण्यांच्या बाहेर उभा राहिलो आहे, मला हे दिसलेलं आहे. तू चालत जा. बाकावर बस. कोणी आत बोलावलं तर जायचं नाही. चहा दिला तर घ्यायचा नाही, कितीही तलफ आली तरी. बिस्किटं तर नाहीच.

आणि एकटी जाऊ नकोस. तुझ्या दादांनी आपला जबाब मागे घेतल्याशिवाय तुझा खरा ठरायचा नाही. तू सांगून ते ऐकणार नाहीत, तू साहेबीण. मी येतो. तुझ्या बंगल्यावर उतरणार नाही, तिथे माझ्या चपला कुठे काढायच्या तेच मला कळत नाही. दादांच्या घरी उतरेन. पत्ता पाठव.

आईची माया आणि माझी धास्ती, दोन्ही सोबत बांधून आणतो.

तुझे
बाबा


ता. १ मार्च

सौ. ठकूच्या आईस,

मायन्यात काय लिहावं सुचत नाही. तुला पत्र लिहायची वेळ फार वर्षांनी आली. आशीर्वाद लिहावा तर तू हसशील, नमस्कार लिहावा तर गाव हसेल. तेव्हा दोन्ही अर्धे अर्धे घे.

मी सुखरूप पोचलो. ड्रायव्हरदादांचं घर छोटं पण नीटस आहे. बायको सुगरण, मुली गोड. मला पाहून दादांना आनंद झाला, मग मी कशासाठी आलो ते कळल्यावर तोंड उतरलं. पहिला दिवस वाया गेला. मी विषय काढला की ते दाढ धरून बसत. शेवटी माझ्या ध्यानात आलं की दाढ अजून तशीच आहे! एवढा मोठा गडी, पण दाताच्या डॉक्टरला भितो. दुसऱ्या दिवशी हाताला धरून नेलं. बाहेरच्या खोलीत गर्दी होती. उठून पळता येईना आणि तोंड सुजल्यामुळे वाद घालता येईना, तेव्हा मी माझं सांगून घेतलं.

मी म्हटलं, तुम्ही केलं ते आपल्या धंद्याला शोभेसं केलं, मीही हेच केलं असतं. पण त्या किल्लीवाल्याने तुमच्यासाठी काय केलं ते माहीत आहे का? त्यांना माहीत नव्हतं, गं. आपल्यावर घेतलं की प्रकरण आपल्यापाशी मिटलं, असंच ते धरून चालले होते. दारूची हकिकत सांगितली आणि ती बायको बोलत नाही हे सांगितलं, तेव्हा त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. डॉक्टरने हाक मारली तर म्हणाले, आधी ठाण्यात जाऊ. मी म्हटलं, आधी दाढ. तोंड उघडता आलं नाही तर जबाब कसा द्याल?

काल आम्ही तिघं गेलो. चालत. ठकू साध्या कपड्यांत, दादांचा गाल कापसाने फुगलेला, आणि मी. बाहेरच्या बाकावर ओळीने बसलो. काय सांगू तुला, ठाण्यात जणू साप निघाला! शिपाई दारातून डोकावून आत पळत होते. एक जण पंखा आमच्याकडे वळवून गेला. एकाने चहा आणला, ठकूने हात जोडले. इन्स्पेक्टर दोनदा बाहेर आले, दोनदा आत या म्हणाले, दोनदा ठकूने सांगितलं की नंबर येईल तेव्हा येते. तिच्या शेजारी एक बाई बसली होती, शेळी चोरीला गेली म्हणून आलेली. तिने ठकूच्या कानात मोठ्या काळजीने सांगितलं की इथे आपल्यासारख्यांचं कोणी ऐकत नाही, जमलं तर एखाद्या मोठ्या अधिकाऱ्याची चिठ्ठी घेऊन ये. ठकू हसली नाही. मला मात्र खोकला आणावा लागला.

शेळीवालीचा जबाब झाला, त्या दिवशी तिचं काम फार झटपट झालं. मग आमचा नंबर. इन्स्पेक्टरनी टोपी काढून टेबलावर ठेवली. घामाघूम झाले होते. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. ते म्हणाले, हे लिहिलं तर पहिला प्रश्न त्यांनाच येईल की आधीचं का लिहिलं. म्हाताऱ्या आईला घेऊन इथे नुकतंच घर लावलं आहे, पुन्हा बदली झाली तर ती बिचारी कुठे फिरणार? ठकू म्हणाली, तुम्ही मला कधी खोटं सांगायला लावलं नाहीत, मी तसंच सांगेन. एवढ्यात फोन वाजला. पोलीसप्रमुख होते, बातमी पोचली होती. इन्स्पेक्टर उभे राहून होय साहेब, होय साहेब म्हणत राहिले. फार वेळ. मग फोन ठेवला, कोरा कागद पुढे ओढला, आणि खाली बसून स्वतःच्या हाताने लिहायला लागले. ठकूचं लिहिलं, दादांचं लिहिलं. दादांच्या जबाबात लिहिलं की आधी गोंधळून चुकीचं सांगितलं. शेवटी हवालदाराला हाक मारली आणि किल्लीवाल्याचा जबाब उद्या पुन्हा घेऊन ये, या खेपेला फक्त विचार, सुचवू नकोस, असं सांगितलं.

बाहेर आल्यावर ठकू फाटकाशीच थांबली. लहानपणी सायकलवरून पडली की धरायची, तसा माझा दंड धरून उभी राहिली. ती मोठी झाल्यापासून तिने असं कधी केलं नव्हतं. मला रडू आलं, ते तू कोणाला सांगू नकोस.

परवा निघतो. मधल्या काळात जेवणाची आबाळ करू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

तुझा, आता काय लिहू,
मीच


ता. २४ मार्च

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

बाबा, तुम्ही पोचल्याचं कार्ड मिळालं. इथली बातमी आता एकदम सांगते, म्हणजे तुकड्यातुकड्यात काळजी नको.

माझ्यावर रीतसर गुन्हा दाखल झाला. लायसन्स जमा झालं, तारीख पडली की कोर्टात उभी राहणार आणि कबूल करणार. वकील म्हणाले की कबूल करायची घाई कशाला. मी म्हटलं, आधीच फार उशीर झाला आहे. बदलीचा हुकूमही आला. जुन्या कागदपत्रांचं खातं, तळमजल्यावरची खोली, गाडी नाही. पोलीसप्रमुखांनी निरोपाला फोन केला आणि मी उगाच त्रास करून घेतला म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत असावं. इन्स्पेक्टरना ताकीद मिळाली, बदली झालेली नाही, त्यांच्या आईला घर पुन्हा हलवावं लागणार नाही. दादांची वर्षाची पगारवाढ थांबली. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाले की एका अटीवर माफ, नव्या साहेबांना ते कधीही किल्ली देणार नाहीत. मी म्हटलं, मंजूर.

किल्लीवाल्यांनी नवा जबाब दिला. हाताचं प्लॅस्टर निघालं आहे, पण बोटं वळत नाहीत. कानस धरली की गळून पडते. डॉक्टर म्हणतात, वर्ष लागेल, कदाचित पूर्ण येणारच नाहीत. औषधपाणी आणि मिळकतीचं मी बघते आहे, पुढेही बघेन. पण त्यांच्या हाताचं मला काहीच करता येत नाही, आणि ही गोष्ट मी कुठल्याही जबाबात लिहून संपवू शकत नाही.

सगळं कागदावर आलं म्हणून मी काल त्यांच्या घरी सांगायला गेले. मनात धरून चालले होते की आता त्यांची बायको बोलायला लागली असेल. पोलिसांनी बदललं, म्हणजे बदललं, असं माझ्यासारख्या कागदांत वाढलेल्या बाईला वाटणारच. ती दारातच काजं घालत बसली होती. मी सांगितलं की गाडी मी चालवत होते, तुमचे मालक प्यायलेले नव्हते, आता तशी नोंद झाली आहे. तिने दोरा तोडला, सुई कपड्यात टोचून ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली की तिला हे हवालदार आधीच सांगून गेला, नवऱ्यानेही सांगितलं, आणि तिचा विश्वासही बसला. पण तो कागद ठाण्याच्या कपाटात आहे. नळावरच्या बायका ठाण्याच्या कपाटात जात नाहीत. तिला सांगून काय उपयोग, गल्लीला सांगा.

मला आधी कळलंच नाही. मग तिने बोट केलं ते पायरीकडे.

आई, मी हजारोंच्या सभांत बोलले आहे. मग त्या पायरीवर उभी राहिले. संध्याकाळची वेळ, नळाला पाणी आलेलं, सगळी गल्ली बाहेर. पहिल्यांदा बोलले ते मलाच ऐकू आलं. वरच्या खिडकीतून एक म्हातारी ओरडली की मोठ्याने बोल, काही कळत नाही. मग मी ओरडून सांगितलं. मी कोण ते सांगितलं. गाडी माझ्या हातात होती, हे सांगितलं. माझं लक्ष रस्त्यावर नव्हतं, सायकल बाजूनेच चालली होती, आणि हे गृहस्थ त्या दिवशी प्यायले नव्हते, कधीच पीत नाहीत, एका गरीब माणसाची नोकरी वाचावी म्हणून त्यांनी ते आपल्यावर घेतलं, हे सांगितलं. नळावरची घागर भरून वाहत होती, ती कोणी उचलली नाही.

मी वळले तर दारात ती नव्हती. आत किल्लीवाल्यांसमोर बसली होती. ताटातला भात कालवून तिने घास केला आणि त्यांच्या तोंडाशी धरला. ते डाव्या हाताने जमतं म्हणत होते, ती ऐकत नव्हती. त्यांना रडू आवरेना, तरी ती घास पुढे धरूनच होती. मला कोणी आत बोलावलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मी पायरी उतरले आणि चालत घरी आले.

नव्या जागी पोचले की पत्ता कळवते. तोवर तुम्ही दोघं माझ्यावर जी माया करता ती करतच राहा, ती आता मला पूर्वीपेक्षा जास्त लागणार आहे.

तुमची
ठकू